बिनकंदिलाचा नाताळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "नोकरीधंद्यावर बाकीचे बोलतील, तू घरावर बोल." बरं झालं. मी दिवसभर संगणकासमोर बसून काय करते हे सांगितलं असतं तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागली असती. म्हणून यंदाच्या आमच्या नाताळाबद्दल बोलते. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वसईचा नाताळ घरातून माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांना आमच्याकडून आलेल्या ताटातून. त्यामुळे फार समजावून सांगावं लागणार नाही.

तरी थोडी उजळणी. नोव्हेंबर संपता संपता आगमनकाळ सुरू होतो. चार रविवारी चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. मग गोठ्याची तयारी. ही प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात सुरू केली असं मानतात. त्यांनी गवताची गव्हाण मांडून शेजारी खरेखुरे बैल आणि गाढव उभे केले होते. आमच्याकडे बैल मातीचे आणि पेंढा वाडीतला. धाकटी दहा-बारा दिवस आधी ताटलीत गहू पेरते, म्हणजे गोठ्यापुढे हिरवं शेत उभं राहतं. बाळ येशू मध्यरात्रीपर्यंत कपाटात असतो आणि तीन राजे सहा जानेवारीला पोहोचतात.

फराळाचं म्हणाल तर कुलकुले, नेवऱ्या, दोदोल, पेरूची वडी, रवा केक. कुलकुले काट्याच्या चमच्यावर वळायचे, त्याला घरातले सगळे हात लागतात. नेवरी म्हणजे तुमची करंजीच. साचासुद्धा तोच. आमच्या घरातला साचा कित्येक वर्षं दिवाळीत शेजारी जायचा आणि डिसेंबरात परत यायचा.

आणि कंदील. तो आमच्याकडे सासरे करायचे. विकतची प्लास्टिकची चांदणी त्यांनी कधी दारात येऊ दिली नाही. जून महिन्यात ते गेले.

मला दोन मुली. थोरली बारावीत आहे, धाकटी नववीत. मृत्यू झालेल्या घरात पहिल्या नाताळाला काय करायचं ते आपल्याकडे ठरलेलं आहे. मिस्सा चुकवायची नाही, गोठा साधा मांडायचा, पण फराळ करायचा नाही, नवे कपडे नाहीत, कंदील नाही. हिंदू मित्रांनो, तुमच्याकडेही त्या वर्षी दिवाळीचा फराळ होत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. तसंच हे.

मुलींना मात्र हे पटेना. नोव्हेंबरातल्या एका रविवारी जेवताना विषय निघाला. धाकटी म्हणाली, "आजोबा गेले म्हणून येशूचा जन्म कसा थांबेल?" थोरली म्हणाली, "कंदील ते स्वतः करायचे. त्यांच्या नावाने तरी लावायलाच हवा. बंद ठेवलेलं त्यांना आवडलं असतं का?" दोन्ही प्रश्न बिनतोड होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, नवरा ताटात बघत होता.

सासूबाई हात धुऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दुखवटा त्यांच्यासाठी नाही गं, माझ्यासाठी आहे. दारात कंदील दिसला की माणसं हसत आत येतात. मला यंदा तसं कोणी यायला नको. कंदील नसला की माणूस उंबऱ्यावर जरा थांबतो, आवाज खाली करतो. मला तेवढं हवंय."

पोरी गप्प झाल्या. मीही. इतकी वर्षं मी ही प्रथा म्हणजे एक बंदी आहे असंच समजत होते. घरातल्या एका माणसाला त्या बंदीचा आधार असतो, हे मला त्या दिवशी कळलं. सबंध वाडीला न सांगता सांगायची ती एक खूण आहे. मोबाईलवर स्टेटस ठेवणाऱ्या माझ्या मुलींना हे माझ्यापेक्षा लवकर समजलं, हेही खरं.

पण धाकटी आहे हट्टी. तिने आजीला विचारलं, "लावायचा नाही, पण शिकायला काय हरकत आहे?" हरकत नव्हती. मग माळ्यावरून जुना सांगाडा काढला. पाच काठ्यांची एक चांदणी, तशाच पाच काठ्यांची दुसरी. दोन्ही टोकांना बांधायच्या आणि मध्ये जिथे काठ्या एकमेकींना छेदतात तिथे पाच आखूड काड्या उभ्या ठोकून फुगवटा आणायचा. ऐकायला सोपं वाटतं. बांबूच्या कामट्या सारख्या जाडीच्या नसल्या की चांदणी एका बाजूला कलते. तीन सांगाडे मोडले. थोरलीने कोन मोजून दिले, नवऱ्याने कामट्या तासल्या, मी इंजिनिअर असून दोरा धरण्याचं काम केलं. चौथा सांगाडा उभा राहिला. त्याला पतंगाचा कागद लावलेला नाही. तो तसाच माळ्यावर टांगलेला आहे.

थोरलीचं वेगळंच चाललं होतं. तिच्या क्लासने पंचवीस डिसेंबरला सकाळी सराव परीक्षा ठेवली. काही पालक विनंती करायला गेले, पण वेळापत्रक बदललं नाही. मला वाटलं, ही आता चिडणार. ती म्हणाली, "तसाही यंदा सण नाही, मी परीक्षा देते." ते सासूबाईंनी ऐकलं. "सण नाही असं कोण म्हणालं? कंदील नाही, एवढंच. तू जा परीक्षेला. पण जेवायला सगळे तुझ्यासाठी थांबतील." आणि थांबले. काका, काकू, आत्या, पोरंसोरं, बावीस माणसं. ती पावणेदोनला आली तेव्हा पानं वाढली गेली.

तिने आणखी एक काम अंगावर घेतलं. सासरे दर चोवीस तारखेला गोठ्यासमोर बसून 'क्रिस्तपुराणा'तल्या येशूजन्माच्या थोड्या ओव्या वाचायचे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आलेले धर्मगुरू. त्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आपल्या मराठीत. सासऱ्यांकडची प्रत अर्थातच देवनागरी होती. यंदा ती कोण वाचणार हा प्रश्नच होता. थोरली इंग्रजी माध्यमातली. आजी तिच्याशी कादोडीत बोलते आणि ही उत्तर देते अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत. पण आठवडाभर अभ्यासातून उठून ती आजीपाशी बसून ओव्या म्हणत होती. चोवीसच्या संध्याकाळी सात ओव्या वाचल्या. चार ठिकाणी अडखळली. सासूबाईंना त्या पाठ आहेत. त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही.

आता ताटांबद्दल, कारण ते तुमच्याशी संबंधित आहे. वीस तारखेपासून आमच्याकडे ताटं यायला लागली. धाकटीने मोजली, सतरा. नेवऱ्या, केक, कुलकुले आणि त्यात शंकरपाळे, रव्याचे लाडू, एका घरून तर खास तळून पाठवलेल्या करंज्या. यातली चार ताटं या सभागृहात बसलेल्या माणसांच्या घरून आली होती. नावं घेत नाही, चौघेही आत्ता खाली बघताहेत. ताट रिकामं परत करायचं नाही हे आईने शिकवलं होतं, पण घरात गोड केलेलं नव्हतं. सासूबाईंनी प्रत्येक ताटात वाडीतली राजेळी केळी ठेवली. जी माणसं ताट घेऊन आली, ती खरंच उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि आवाज खाली करूनच बोलली.

थोरलीची मुख्य परीक्षा आता याच महिन्यात आहे. तिला दूरच्या कॉलेजात जागा मिळाली तर पुढच्या डिसेंबरात ती चोवीस तारखेला पोहोचेल की नाही, हे आज सांगता येत नाही. तिने मात्र त्या सात ओव्यांचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला आहे आणि धाकटीला दोन शिकवल्या आहेत. वाचायला कोणी तरी असेल.

शाळेने आपल्याला एका बाकावर बसवलं, त्यामुळे एकमेकांच्या घरात कधी हसत शिरायचं आणि कधी थांबायचं ते आपल्याला वेगळं शिकावं लागलं नाही. त्याबद्दल बाईंचे आणि सरांचे आभार. पुढच्या नाताळाला आमच्या दारात कंदील लागलेला असेल. तो दिसला की बेशक आरडाओरडा करत आत या. कुलकुले वळायला माणसं कमीच पडतात.