सुमित्राताईंचा सिनेमा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. व्याख्यान देणे माझे काम नव्हे. पण कर्तबगार स्त्रियांवर चौघींनी बोलायचे ठरले, तेव्हा मी सुमित्रा भावे यांचे नाव दिले. सिनेमावाली बाई म्हणताच दोघी-तिघी हसल्या. म्हणून जरा नीटच सांगते.

सुमित्राताई पुण्याच्या, जन्म १९४३ चा. सिनेमा त्या कुठे शिकल्या नव्हत्या. समाजकार्याच्या संस्थेत शिकवीत नि गरीब बायकांच्या जिण्याचा अभ्यास करीत. त्यांच्या ध्यानात आले की, आपण ज्यांच्याविषयी एवढी पाने लिहितो, त्यांना ती वाचताच येत नाहीत. मग लिहून उपयोग काय? त्यांना पाहता येईल असे काही करावे, म्हणून १९८५ साली त्यांनी वस्तीतल्या बाईवर 'बाई' हा छोटा चित्रपट केला. वय ४२. आपल्यातल्या कितीजणी त्या वयाच्या आहोत बघा! चाळिशी उलटली की गुडघ्यांखेरीज आपल्याला दुसरा विषय नाही. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांना येऊन मिळाले, नि पुढे तीस वर्षांहून अधिक दोघांनी मिळून चित्रपट केले.

आता पैशाचे सांगते. सिनेमा म्हटला की मोठा स्टुडिओ, मोठा नट, नि पैसे लावणारा शेठ. शेठ आला की गाणी मागणार, गोड शेवट मागणार. सुमित्राताईंचा 'देवराई' स्किझोफ्रेनियावर, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावर, 'कासव' मनाच्या नैराश्यावर. असल्या विषयाला कुठला शेठ येणार? ज्यांना तो विषय जिव्हाळ्याचा, त्यांच्याच मदतीने उभे राहायचे नि थोडक्यात भागवायचे. डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. ते 'कासव'चे एक निर्माते झाले. कथा सुमित्राताईंची, पात्रांचे कपडे नि घरातली मांडामांडही त्याच बघत. महिनाअखेरीला पाहुणे आले की आपण करतो, तसलाच हा प्रकार.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, फिल्मला भोकेसुद्धा पाडली. नाव झाले दादासाहेबांचे. सुमित्राताईंचे नाव निदान पडद्यावर आले.

'कासव'ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई'पासून धरले तर मराठीतले हे पाचवे. पण कमळ मिळाले म्हणून थिएटर मिळतेच असे नाही. असल्या चित्रपटाला एखादाच खेळ, तोही आडवेळी. मी शेजारणीबरोबर असाच एक मराठी चित्रपट बघायला डोंबिवलीहून ठाण्याला गेले, तर माणसे कमी म्हणून खेळच रद्द! तिकिटाचे पैसे परत मिळाले. रिक्षाचे कोण देणार? चित्रपट काढण्यापेक्षा तो लोकांपुढे नेणे कठीण, असे मला त्या दिवशी वाटले.

१९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताई गेल्या.

माझी एक सूचना आहे. संक्रांतीला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतो. यंदा त्या पैशांतून, रीतसर परवानगी काढून, त्यांचा १९९५ चा 'दोघी' दाखवावा. गावातल्या दोन बहिणींची गोष्ट आहे. थोरलीला मुंबईला धाडून तिच्या पैशावर घर चालते, नि मग तिलाच उंबऱ्याबाहेर ठेवतात. सासवांनाही बोलवावे. माझी वर्गणी मी चिटणीसबाईंकडे आजच दिली आहे.