खाजणारे फोड : खरूज, इसब की बुरशी?

हातापायांवर बारीक फोड उठून खाज सुटली की तिला सरसकट 'खरूज' म्हणण्याचा प्रघात आहे. शाळेत अशा मुलास दूर बसविले जाते आणि घरी दुकानातले मिळेल ते मलम लावले जाते. वस्तुतः सारख्या दिसणाऱ्या या विकारांपैकी काही संसर्गजन्य आहेत, काही मुळीच नाहीत. आणि एकावरील उपाय दुसऱ्यास अपायकारक ठरतो.

खरूज हा त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किडीचा उपद्रव होय. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा व कंबर येथे पुरळ उठते आणि खाज रात्री बळावते. निदानाचा मोठा धागा मात्र घरातच सापडतो : आणखी कोणाकोणास खाज सुटते? प्रथम लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, तरी त्याच्यापासून इतरांना लागण होऊ शकते. म्हणून वसतिगृहात एकाच मुलास औषध लावून भागत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिनचे मलम सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे व आठवड्याने पुन्हा लावावे. कपडे, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. यानंतरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे मानू नये.

बोटांच्या कडांवर, तळहातांवर व तळपायांवर भिजल्या साबुदाण्यासारखे खोल रुतलेले फोड दिसल्यास तो बहुधा इसबाचा प्रकार असतो. दोनतीन आठवड्यांत फोड वाळून साल निघते. पुढे ते पुन्हा उद्भवू शकतात. हा विकार एकाचा दुसऱ्यास होत नाही. अशा मुलास वर्गात वेगळे बसविणे हा निव्वळ अन्याय आहे, हे येथे उपस्थित मुख्याध्यापकांनी ध्यानी घ्यावे.

फोड हातांवर असले तरी पाय अवश्य पाहावेत. करंगळीलगतच्या बेचक्यात बुरशीने कातडी पांढरी पडून भेगाळलेली असते आणि तिच्या प्रतिक्रियेनेही हातांवर फोड उठतात. कातडीचा खरवडलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशी ओळखता येते. इसबावर उपयुक्त ठरणारे स्टिरॉइडयुक्त मलम बुरशीवर लावले, तर खाज तात्पुरती शमते आणि बुरशी पसरत जाते. अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रतिबंध केला, तो याच कारणास्तव.

काट्यावर वा भेगेवर लावलेला बिब्बा उतल्यानेही फोड येतात. रुग्ण संकोचाने हे सांगत नाही, विचारावे लागते. सिमेंट कालविणाऱ्या मजुराच्या हातांचीही तीच गत.

खाजवून खरजेत पू झाल्यास जंतुसंसर्गामुळे मूत्रपिंडांनाही इजा पोहोचू शकते. मुलाच्या चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.