अमूर्त मुद्राचित्र : पाहणे आणि अर्थ लावणे



करंजाड्यातील एखाद्या नव्या सदनिकेच्या भिंतीवर काळे वर्तुळ, चौकट आणि काही त्रिकोण एवढेच असलेले मुद्राचित्र लागले, की घरात दोन मते पडतात. ज्येष्ठ विचारतात, "यात चित्र कुठे आहे?" तरुण उत्तरतात, "ज्याला जे दिसेल ते." दोघेही पाहणे अर्ध्यावर सोडतात.

सय्यद हैदर रझा यांची 'बिंदू'चित्रे या दृष्टीने उद्बोधक आहेत. १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशात जन्मलेल्या रझांचे कलाशिक्षण नागपूर येथे आणि मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात झाले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. बालपणी चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्याची आठवण ते सांगत. १९८०च्या सुमारास बिंदू त्यांच्या कलेचे केंद्र झाला. पुढे या चित्रांचे सेरिग्राफही निघाले. सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंग जाळीच्या स्वतंत्र पडद्यातून कागदावर उतरतो. म्हणून कडा रेखीव आणि रंग सपाट दिसतात. खालची '१२/१००' अशी नोंद शंभर प्रतींतील बारावा क्रमांक दर्शवते. चित्राचा अर्थ तिच्यात नसतो.

अर्थाचा आरंभ निरीक्षणात असतो. दृष्टी प्रथम कोठे स्थिरावते? चौकट वर्तुळाला रोखते की आधार देते? काळा रंग पोकळी भासतो की बीज? त्यानंतर चित्रकाराचे मनोगत पाहावे. रझा बिंदूला सृष्टीचे बीज मानत.

जिनमंदिरात पाटावर अक्षतांचा स्वस्तिक रेखताना "यात चित्र कुठे आहे?" असे कोणी विचारत नाही. चार भुजा म्हणजे चार गती, तीन पुंज म्हणजे रत्नत्रय, वरची चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला, हे बालकांनाही ठाऊक असते. भूमितीतून अर्थ वाचण्याचा संस्कार समाजाकडे आहेच. भेद इतकाच, की स्वस्तिकाचा अर्थ परंपरेने निश्चित केला आहे. रझांच्या वर्तुळाचा तसा नाही. म्हणून त्याला यंत्र समजून हात जोडणे जितके अप्रस्तुत, तितकेच निरर्थक म्हणून झिडकारणेही.

येथे अनेकांतदृष्टी साहाय्यक ठरते. 'सर्वच अर्थ खरे' असे ती म्हणत नाही. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले, ते सांगण्याचे बंधन ती घालते. आजोबा आणि नातू यांनी आपापली अपेक्षा सांगत त्या चित्रासमोर क्षणभर एकत्र उभे राहावे. मतभेद उरला तरी संवाद घडेल, आणि घराला त्याचीच अधिक गरज आहे.