साक्षीदाराचा शब्द कोणाच्या मालकीचा?

(कट्टा, ता. मालवण येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



न्यायालयाच्या दालनात ध्वनिमुद्रणाची व चित्रमुद्रणाची यंत्रे बसवावीत, जेथे ती आहेत तेथे ती अद्ययावत करावीत, हा विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. मायक्रोफोन किती, कॅमेरे कोठे, मुद्रण कशात साठवायचे, हे प्रश्न अभियंत्यांनी सोडवावेत. समाजवादी कार्यकर्त्याचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा आहे की साक्षीदार नेमके काय बोलला, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्या हाती निम्मा निकाल असतो. म्हणून हा प्रश्न यंत्राचा जितका आहे, त्याहून अधिक सत्तेचा आहे.

कट्ट्याच्या परिसरात बॅ. नाथ पै यांची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. १९५७ पासून १९७१ मधील निधनापर्यंत ते राजापूर मतदारसंघाचे लोकसभेतील प्रतिनिधी होते. त्यांच्यानंतर १९९१ पर्यंत ती जबाबदारी मधु दंडवते यांनी वाहिली. या दोघांची लोकसभेतील भाषणे आजही शब्दशः वाचता येतात, कारण लोकसभेत प्रत्येक शब्द टिपण्यासाठी लघुलेखक नेमलेले असतात. आता त्याच काळात मालवणच्या न्यायालयात साक्षीला उभ्या राहिलेल्या एखाद्या कुळाचे शब्द शोधू जावे, तर ते मिळणार नाहीत. मिळेल तो त्याच्या बोलण्याचा गोषवारा, तोही न्यायाधीशाने आपल्या भाषेत सांगितलेला आणि लघुलेखकाने उतरवलेला. प्रतिनिधीचा शब्द राष्ट्राने जपला. ज्याचे प्रतिनिधित्व केले गेले, त्याचा शब्द मात्र वाटेतच हरवला.

यात कोणा न्यायाधीशाचा दोष नाही. पद्धतच अशी आहे. सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहावी, प्रश्नोत्तरे उतरवणे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवावे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. लिहिलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी, ही तरतूदही आहे. परंतु तासभर उलटतपासणीने दमलेल्या माणसाला प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीतून उलथून वाचून दाखवलेल्या मजकुरात आपले कोणते वाक्य बदलले, हे कसे उमगावे?

एक उदाहरण घ्या. मालवणी साक्षीदार सांगतो, ‘तो माका मारूक इलो.’ लिहिणारा लिहितो, ‘तो मला ठार मारण्यासाठी आला.’ मूळ वाक्यात मारहाणीचा अर्थही तितकाच बसतो. कागदावर मात्र खुनाच्या प्रयत्नाचा सूर लागतो. अर्थ उलट दिशेनेही घसरू शकतो आणि खऱ्या हल्ल्याची साधी मारहाण होऊन बसते. तीच गोष्ट जमिनीच्या तंट्यांची. कोकणात ‘जमीन करणे’ हा शब्द कूल म्हणून कसण्यालाही लागतो आणि दुसऱ्याच्या शेतात राबण्यालाही. साक्षीदाराने तो कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात, कोणत्या संदर्भात वापरला, यावर कुळाचा हक्क टिकतो किंवा जातो. गोषवाऱ्यात प्रश्न गळून पडतो आणि उत्तर पोरके होते.

आमच्या न्यायव्यवस्थेला ध्वनिमुद्रण नवे आहे, असेही नाही. मुंबईतील लाचेच्या एका खटल्यात, युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ध्वनिफितीवरील संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. १९७२ साली मलकानी खटल्यात टेलिफोनवरील मुद्रित संभाषणही ग्राह्य ठरले. २००३ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात न्यूयॉर्कमधील डॉक्टरची साक्ष दृक्‌श्राव्य संपर्काने नोंदवण्यास न्यायालयाने मान्यता दिली. म्हणजे बाहेरून आलेल्या ध्वनिफितीवर न्यायालय अर्धशतकाहून अधिक काळ विश्वास ठेवत आले. पण स्वतःच्या दालनात उच्चारलेला शब्द जपण्याची निकड मात्र त्याला तितकी वाटली नाही.

या विसंगतीची किंमत काय, हे मिरजकर प्रकरणाने दाखवले. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करू नये, असा आदेश न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला, आणि तो तोंडी होता. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आदेश उचलून धरला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदवले. त्याच निकालात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी खुल्या न्यायदानाचे महत्त्व आवर्जून सांगितले. पुढे तेच तारकुंडे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे आधारस्तंभ झाले, यावरून एवढेच शिकायचे की प्रश्न व्यक्तीच्या सद्‌हेतूचा नसतो. तोंडी आदेशाचा नेमका शब्द आणि त्याची मर्यादा यांचा निःसंदिग्ध पुरावा असणे, हेच नागरिकाचे संरक्षण होय.

कायद्याने वाट केव्हाच मोकळी केली आहे. २००२ पासून दिवाणी साक्ष यंत्राद्वारे नोंदवण्याची मुभा आहे. फौजदारी खटल्यात आरोपीच्या वकिलासमक्ष साक्षीचे दृक्‌श्राव्य मुद्रण करता येईल, अशी दुरुस्ती २००९ च्या अखेरीस अमलात आली आणि नव्या संहितेत ती कायम आहे. पण दोन्हीकडे शब्द ‘करता येईल’ असा आहे, ‘केलेच पाहिजे’ असा नाही. ऐच्छिक तरतुदीचे भवितव्य अंदाजपत्रकावर ठरते, म्हणून अंदाजपत्रक पाहिले पाहिजे.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी चार वर्षांकरिता ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांपैकी जुन्या-नव्या कागदपत्रांच्या अंकीकरणासाठी २,०३८.४० कोटी, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक. न्यायालयीन दृक्‌श्राव्य प्रक्षेपणाच्या यंत्रणेसाठी ३०० न्यायालय संकुलांत मिळून ११२.२६ कोटी, म्हणजे एकूण रकमेच्या दीड टक्क्याच्या आसपास. संकुलामागे सुमारे साडेसदतीस लाख. जुना कागद जपणे आवश्यकच आहे. पण सदोष पद्धतीने लिहिलेला कागद जपण्यावर एवढा खर्च आणि निर्दोष नोंद निर्माण करण्यावर इतका थोडा, हे अग्रक्रम तपासून पाहण्याजोगे आहेत.

अद्ययावत यंत्रणा म्हणजे महागडा कॅमेरा नव्हे. न्यायाधीश, साक्षीदार आणि दोन्ही बाजूंचे वकील यांच्यापुढे स्वतंत्र मायक्रोफोन, आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र वाहिनीवर मुद्रित होणे, ही पहिली गरज. दोघे एकाच वेळी बोलले तरी मग कोण काय म्हणाले ते वेगळे काढता येते. दुसरी गरज, मुद्रण चालू असतानाच ते ऐकून पाहणारा प्रशिक्षित कर्मचारी. कारण मुद्रण झालेच नाही, हे साक्षीदार गावी परतल्यावर कळण्यात अर्थ नाही. तिसरी, वेळेच्या नोंदीसह दोन ठिकाणी ठेवलेल्या दोन प्रती आणि प्रत्येक प्रतीचे हॅश मूल्य, म्हणजे मुद्रणात कणभर फेरफार झाला तरी बदलणारा अंकीय ठसा. नव्या साक्ष अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात असे मूल्य मागितलेच आहे. कोकणात यात आणखी दोन गोष्टींची भर घालावी लागेल. आषाढातील पाऊस छपरावर कोसळत असताना साक्षीदाराचा आवाज टिपणारी दालनाची रचना, आणि वीज गेल्यावर मुद्रण न तुटण्याची सोय.

यंत्र बसवले म्हणजे काम झाले, या भ्रमात राहू नये. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि मुद्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातमीवरून याच न्यायालयाला नादुरुस्त कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्याला मुद्रण अडचणीचे, त्याच्याच हाती त्याची कळ असेल, तर कळ नेमकी हवी तेव्हा बंद असते.

दुसरा भ्रम म्हणजे मुद्रण आणि प्रक्षेपण एकच मानणे. स्वप्निल त्रिपाठी प्रकरणातील २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयातील थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी लोकांना घरबसल्या दिसू लागली. हे स्वागतार्हच. पण घटनेच्या अर्थावरील युक्तिवाद सर्वांनी पाहणे वेगळे आणि अत्याचार सोसलेल्या मुलीची साक्ष गावाने पाहणे वेगळे. साक्षीचे मुद्रण प्रत्येक खटल्यात व्हावे. त्याचे प्रक्षेपण मात्र साक्षीदाराची अब्रू आणि सुरक्षितता यांच्या मर्यादेतच व्हावे. शिवाय ते साठवायचे कोणाच्या घरात? २० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाची यूट्यूब वाहिनी भामट्यांनी ताब्यात घेतली आणि तिच्यावर आभासी चलनाची जाहिरात झळकली. लोकन्यायाचे दप्तर खाजगी कंपनीच्या कोठारात ठेवू नये, हा समाजवादी विचार आहे आणि साधा शहाणपणाही.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत, सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने युक्तिवादाचे शब्दांकन प्रथम सुरू केले. नामवंत वकिलांचे इंग्रजी यंत्राला कळू लागले. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी बोलणाऱ्याचे काय? यंत्राने चुकीचा शब्द लिहिला, तर तो माणसाच्या चुकीपेक्षा अधिक अधिकाराने मिरवतो. म्हणून मूळ आवाज हीच अस्सल नोंद मानावी, शब्दांकन ही तिची सोय. आणि ते तपासायला बोली जाणणारे कर्मचारी लागतीलच. लघुलेखकांची पदे कापण्याचे निमित्त म्हणून यंत्र येत असेल, तर त्याला विरोध करावा. त्यांनाच प्रशिक्षण देऊन मुद्रणाचे रक्षक नेमावे.

या जिल्ह्यापुरता विचार केला तर प्रश्न अधिक निकडीचा दिसतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर पीठाचे काम सुरू झाले आणि सिंधुदुर्गाच्या पक्षकाराची मुंबईची वारी बरीचशी टळली. अंतर कमी झाले, ही दीर्घ लढ्याची फलश्रुती आहे. परंतु अपिलात न्यायाधीशांपुढे साक्षीदार उभा नसतो, त्याचा कागद असतो. कागद सदोष असेल तर तो कोल्हापूरला गेला काय आणि मुंबईला गेला काय, सारखेच.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. गरिबाचे न्यायालय पुष्कळदा तहसील कचेरीत भरते. एखादा इसम कूल आहे की नाही, हे १९४८ च्या कुळकायद्यानुसार तहसीलदार ठरवतात. दिवाणी न्यायालयाला ते ठरवता येत नाही. शेतावर जाण्याच्या अडवलेल्या वाटेचे दावे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तेथेच चालतात. न्यायालयांत अद्ययावत यंत्रे आली आणि कचेरीतील सुनावणी पूर्वीसारखीच गोषवाऱ्यावर राहिली, तर सुधारणा नेमक्या गरजवंताला वगळून पुढे जाईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. साक्षीच्या मुद्रणाबाबत ‘करता येईल’च्या जागी ‘केलेच पाहिजे’ हा शब्द यावा. आरंभ तालुक्यापासून व्हावा, राजधानीपासून नव्हे. मुद्रणाची प्रत पक्षकाराला हक्काने मिळावी. १९८७ च्या विधी सेवा अधिनियमाखाली जे मोफत साहाय्यास पात्र आहेत, त्यांना ती विनामूल्य मिळावी. अपील संपेपर्यंत मुद्रण नष्ट होऊ नये. यंत्र बंद पडल्यास त्याची कारणासह नोंद त्याच दिवशी खटल्याच्या कागदांत व्हावी. आणि महसुली सुनावण्याही याच नियमाखाली याव्यात.

हे काम निवेदनाने संपणार नाही. तालुका न्यायालयात सुनावणी सर्वांना खुली असते. कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन बसावे, पक्षकाराला साक्ष वाचून दाखवली जाते की नाही ते पाहावे, तालुका वकील संघाशी बोलावे, विधी सेवा समितीकडे विचारणा करावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्या दालनाबाहेर त्यांचे शब्द संगमरवरावर कोरलेले आहेत. लोकमान्यांचे शब्द टिकले, ते योग्यच झाले. लोकशाहीत सामान्य साक्षीदाराचा शब्दही टिकला पाहिजे. त्याला संगमरवर नको, अपिलाच्या दिवशी तो जसाच्या तसा ऐकू आला म्हणजे पुरे.