तपकिरीची डबी

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील महिला मंडळांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिवनेरीवरचा जिजाऊ आणि बाल शिवबांचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुतळा कोणाचा, हे आपण विचारतो. घडवला कोणी, हे सहसा विचारत नाही. आज मी पुतळे घडवणाऱ्या एका बाईबद्दल बोलणार आहे.

अ‍ॅन डेमर ही इंग्लंडची. जन्म १७४८चा. कर्जात बुडालेल्या नवऱ्याने १७७६ साली स्वतःला गोळी घातली. त्यानंतर तिने छिन्नी-हातोडा खऱ्या अर्थाने हाती घेतला. मोठ्या घरची बाई दगड फोडते म्हणून तिची व्यंगचित्रे निघाली. काम दुसऱ्याकडून करून घेते, असेही लोक बोलले. (आपल्या बाई सरपंचांना हे वेगळे सांगायला नको!)

या बाईला नेपोलियनचे भारी कौतुक. तो तिच्या देशाचा शत्रू. तरी १८०२च्या तहानंतर ती पॅरिसला जाऊन त्याला भेटली. तिचे आवडते पुढारी फॉक्स, त्यांचा अर्धपुतळा देण्याचा शब्द तिने त्याला दिला आणि १८१५ साली तो पाळला. नेपोलियनने तिला स्वतःचे चित्र असलेली, हिरे जडवलेली तपकिरीची डबी भेट दिली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

नेपोलियनचे आरमार १७९८ साली बुडवणाऱ्या नेल्सनचाही अर्धपुतळा तिनेच घडवला. तो नेल्सन पुढे तंजावरच्या मराठी राजाकडे, दुसऱ्या सरफोजी भोसल्यांकडे गेला. ज्यांचा कारभार इंग्रजांनी १७९९ सालीच काढून घेतला होता, त्यांनाच इंग्रजांचा वीर भेट!

पण मला टोचते ते वेगळेच. भेटीनंतर दोनच वर्षांनी, १८०४ साली, नेपोलियनचा कायदा आला. बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, असे त्यात लिहिले होते. नवऱ्याच्या परवानगीशिवाय कोर्टात जायचे नाही, मालमत्ता विकायची नाही. बायकोच्या व्यभिचारावरून नवऱ्याला घटस्फोट मिळे. तिला मात्र नवऱ्याने रखेल घरातच आणून ठेवली तरच. इंग्लंडचा कायदाही बरा नव्हता, हे खरे. पण हा कायदा आल्यावर अकरा वर्षांनी तिने पुतळा नेऊन दिला. स्वतः कोणाच्या आज्ञेत नसलेल्या विधवेने!

आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली. आणि आपण भावाच्या एका शब्दावर हक्कसोडपत्रावर सही करतो. चहानंतर त्यावरच बसू. ज्यांनी सातबारा आणला असेल, त्यांनी पिशवीतून काढून ठेवा.