घरचा ब्रॉडबँड: वेग, पिंग आणि डेटा

फायबर प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, मेगाबाइटमध्ये नव्हे; आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसवर सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट उतरतात आणि ५० जीबीचा गेम डाउनलोड व्हायला तासाहून अधिक वेळ जातो. प्रत्यक्ष खेळताना मात्र एवढा वेग लागतच नाही. तिथे महत्त्व पिंगचे, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परतायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचे. सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्यातल्या खेळाडूचा पिंग कमी, सिंगापूरला असेल तर जास्त. वायफायऐवजी राउटरला थेट केबल जोडली की तो स्थिर राहतो. त्यासाठी महागडा प्लॅन घ्यावा लागत नाही. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सुचवते. तासाला सुमारे ७ जीबी खर्च होतात. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही बहुधा मासिक मर्यादा असते. ती ओलांडली की वेग घसरतो.