जुनी गाडी, नवा पार्ट आणि गटाचा पैसा

आज पापड-मसाल्याबद्दल नाही, तर ते बाजारात पोहोचवणाऱ्या आमच्या गाडीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या बचत गटाकडे जुनी मारुती ओम्नी आहे, १९९८ सालची, सेकंडहँड घेतलेली. आमच्यातलीच एक ताई ती चालवते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर गाडी चालता चालता बंद पडायला लागली, पेट्रोलचा वास यायला लागला. फिटर काकांनी बघितलं आणि म्हणाले, "पेट्रोलचा पंप गेला. आतला पडदा फाटलाय. नवाच टाकावा लागेल." कुणीतरी सुचवलं, तोवर बाटलीतून नळी लावून चालवा. काकांनी हातच जोडले. "बायांनो, आग लागेल. तसली गाडी मी देणार नाही."

तालुक्याची तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "जुन्या गाडीचा माल आता ठेवत नाही." त्यांचंही खरंच आहे. ओम्नीचं उत्पादन २०१९ सालीच थांबलं. जे खपत नाही ते दुकानदार कशाला भरून ठेवील?

मग ताईनं मोबाईलवरून मागवला. नाव 'ओम्नी पेट्रोल पंप', किंमत पंधराशे रुपये. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. सहा दिवसांनी खोकं आलं, काकांनी उघडलं आणि कपाळाला हात लावला. तो निघाला विजेवर चालणारा, टाकीच्या आत बसणारा पंप. आमची गाडी कार्बोरेटरची. तिचा पंप इंजिनाला बाहेरून बसतो आणि इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. पुढच्या काळातल्या ओम्नीत इंजेक्शनचं इंजिन आलं, तिचा पंप वेगळा. नाव एकच, पण पार्ट दोन. हे आम्हाला कुठं ठाऊक?

परत पाठवायला गेलो तर विक्रेता म्हणाला, "खोकं फोडलंय, परत घेणार नाही." आता न फोडता आत काय आहे ते कसं कळणार, सांगा! दुसरीकडे मागवला, तर चार दिवसांनी निरोप आला, माल शिल्लक नाही. तोवर फराळाच्या ऑर्डरी तोंडावर. भाड्याचा टेम्पो केला. एका खेपेला नऊशे रुपये, अशा पाच खेपा. साडेचार हजार तिथंच गेले.

खरं दुखणं पुढंच आहे. मासिक बैठकीत आवाज चढले. "पंप तिनं मागवला, पैसे तिनंच भरावेत." ताई काही बोलली नाही. गाडीची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठायला लागली. तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "हो म्हणताना आपण सगळ्या होतो. आता चूक एकटीची कशी?" सगळ्या गप्प. खर्च गटाचाच, असा ठराव इतिवृत्तात लिहिला आणि किल्ली परत ताईच्या हातात दिली. त्या दिवशी पंप मिळाला नव्हता, पण गट मोडता मोडता राहिला.

मग ताई आणि आमच्यातली एक जण जुना पंप पिशवीत घालून एसटीनं पुण्याला गेल्या. नाना पेठेत गाड्यांच्या पार्टची दुकानं ओळीनं आहेत. चौथ्या दुकानात जुन्याशेजारी नवा ठेवून, भोकं जुळवून घेतला. साडेआठशे रुपये, पक्क्या बिलासकट.

पंधराशे रुपयांसाठी आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. मराठीत बोलता येतं. त्यांनी ऑर्डरचा क्रमांक, फोटो, विक्रेत्याचं उत्तर मागितलं आणि तक्रार क्रमांक दिला. तीन आठवड्यांनी पंपाचे पैसे परत आले. पाठवणावळ मात्र बुडाली.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी असो, गिरणी असो की शिलाई मशीन, जुन्या यंत्राचा पार्ट मागवताना एवढं करा. आरसी बुकातलं साल, इंजिन नंबर आणि चासी नंबर वहीत लिहून ठेवा. जुना पार्ट टाकून देऊ नका. त्याच्यावरचा नंबर बघा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि विक्रेत्याला आधी पाठवा. "हाच आहे ना?" याचं उत्तर लेखी घ्या. परत घेण्याची अट पैसे भरण्याआधी वाचा. खोकं फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. बिल नसेल तर स्वस्त मालही घेऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला असेल, तर नुकसानही मिळूनच सोसा. पार्ट पुण्यात मिळतो. हिरमुसून घरी बसलेली मैत्रीण कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आमची ओम्नी आता पुन्हा बाजाराला जाते. रस्त्यात दिसली तर हात करा, ताई नक्की थांबेल. नमस्कार!